कुणी नाही, वारा आहे

सिनेमाच्या शेवटी म्हाताऱ्यानं दारावर थाप मारली आणि आतल्या बाईनं दार उघडलं.

सेल्वीक गावच्या हॉलमध्ये जमलेल्या सगळ्यांनी एकदम सुस्कारा सोडला. कुणीतरी नाक शिंकरलं. रान्वेगनं मात्र पुढच्या खुर्चीची पाठ धरून अशी गदागदा हलवली की त्या खुर्चीतल्या केटिलला भूकंपच झालासं वाटलं. केटिल हा मासेमारी बोटीचा कप्तान, अंगानं कपाटाएवढा. तो मागं वळून म्हणाला, "काय गं, रडतेस की काय?"

"रडू नको तर काय करू? दार उघडलं ना मेलीनं!"

ही गोष्ट रान्वेगची होती. तिनं ती तिशी-पस्तिशीत लिहिली होती आणि आता तिचे केस पांढरे होऊन त्यालाही बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर तिनं गावच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं दिली, लोकांना साबण लावून अंघोळ करायला लावली आणि मगच पाण्यात सोडलं. उरल्या वेळात गोष्टी लिहिल्या. बाकीच्या कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. ही एक राहिली. तिचं नाव 'वारा'.

गोष्ट अशी. हिमवादळाची रात्र. एका शेतघरात एक बाई आणि एका पांघरुणात दोन लहान मुली. घरोघर सुया-दोरे विकत आणि मिळेल ते खात फिरणारा एक म्हातारा दार वाजवतो. बाईला भीती, की हा एकदा आत आला तर हिवाळाभर हलायचा नाही, आणि घरातलं पुरायचं नाही. ती कडीवर हात ठेवून उभी राहते. मुली विचारतात, कोण आहे? ती म्हणते, कुणी नाही, वारा आहे. थापा हळूहळू कमी होत जातात. सकाळी ती मुलींना मागच्या खिडकीतून गोठ्यात पाठवते. आणि बर्फ वितळेपर्यंत त्या घरात पुढचं दार कुणी वापरत नाही. संपली गोष्ट.

आता सिनेमा. म्हाताऱ्याचा चाळिशीतला देखणा गडी झाला होता, दाढी कातरलेली, स्वेटर कोरा. आतली बाई विधवा झाली होती आणि वादळातही तिचा केस विस्कटत नव्हता. तिनं दार उघडलं, त्याला वाटीभर मटणाचं सूप दिलं, त्यानं पाठीवरून अकॉर्डियन काढला, मुली नाचल्या. एक कुत्राही होता. तो सगळ्यांत बरा नट निघाला. वादळ थांबलं आणि आभाळात ध्रुवाकडचे हिरवे उजेड नाचू लागले, ते इतके हिरवे की गावातल्या कुणी जन्मात पाहिले नव्हते.

दिग्दर्शक होता राजधानीतला ब्रिन्यार, गळ्यात मफलर आणि बोलण्यात लोणी. कागदावर सही घेताना रान्वेगनं त्याला बजावून विचारलं होतं, तेव्हा म्हणाला होता, "शेवटाला मी हात लावणार नाही." आणि गड्यानं शब्द पाळला. शेवटाला हात लावलाच नाही, सबंध शेवट उचलून फेकून दिला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसं झालं. वर शेळीलाच पुढं बोलावून तिच्या हातात फुलं दिली.

"कसा वाटला?" सगळ्यांसमोर त्यानं विचारलं.

"कुत्रा छान आहे," रान्वेग म्हणाली.

लोक हसले. ब्रिन्यारही हसला. त्याला ती स्तुती वाटली.

पण मग एक भलतंच सुरू झालं. दुसऱ्या दिवशी रान्वेग तलावावरच्या गरम पाण्याच्या हौदात उतरली. गावच्या सगळ्या बातम्या त्या हौदात जन्म घेतात आणि संध्याकाळपर्यंत फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या, पलीकडे पोचतात. गेली तीस वर्षं ती उतरली की बातम्या बंद व्हायच्या आणि हवापाणी सुरू व्हायचं. "वारा ईशान्येचा दिसतोय." "हो, ईशान्येचाच." आणि एकेक जण पाण्याबाहेर. त्या दिवशी मात्र केटिल आपल्या मेव्हण्याच्या घटस्फोटाबद्दल सांगत होता, आणि ती उतरली तरी सांगतच राहिला! रान्वेगला इतकं बरं वाटलं की बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत ती बसून राहिली.

ते तीस वर्षांचं कारण म्हणजे गोष्टीतलं घर गावातलंच होतं. गोष्टीतली बाई म्हणजे दाग्नी, म्हातारा म्हणजे गीस्ली, आणि दोन मुलींपैकी एक दाग्नीची रेफ्ना आणि दुसरी, वादळामुळं त्यांच्याकडे अडकून पडलेली, शेजारची रान्वेग. दोघी तेव्हा एकमेकींशिवाय जेवत नसत. गोष्ट छापून आली तेव्हा दाग्नी जिवंत होती. तिनं तलावावर येणं सोडलं. रेफ्ना येत राहिली, पण त्या दिवसापासून दोघींमध्ये एवढंच बोलणं उरलं: "एक तिकीट." "घे."

आणि गावानं तिला सोंगांतून काढलं.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष वाटायचं नाही. थोरी, म्हणजे ऐन हिवाळ्याचा महिना, त्यात गावजेवण होतं. प्रत्येक घर आपली लाकडी काठवट भरून आणतं, जेवणं होतात आणि मग सोंगं. वर्षभरात कुणाची गाडी बर्फात रुतली, कुणी शेजाऱ्याची मेंढी आपली समजून कापली, सगळं चव्हाट्यावर येतं. ज्याची नक्कल होते त्यानं सर्वांत मोठ्यानं हसायचं, हा नियम. दुसरा नियम कुणी तोंडानं सांगत नाही, पण पाळतात सगळे. ज्याला वाळीत टाकायचं, त्याची नक्कल करायची नाही.

एका वर्षी रान्वेगच्या हातून चुकून तलावाचं पाणी सोडलं गेलं, आणि आत पाद्रीबाई उताणी पोहत होती. पाणी गेलं, पाद्रीबाई तळाशी टेकली, तरी हात मारतच होती. रान्वेगला त्यानंतर रडू नाही आलं, चक्क आनंद झाला. आता तरी! असलं आयतं सोंग कुठलं गाव सोडेल? त्या थोरीत ती नवीन ब्लाऊज घालून गेली. सोंगात पाद्रीबाई होती, रिकामा तलाव होता, आणि पाणी आपोआप गेलं होतं. रान्वेग घरी येऊन ब्लाऊजसकट झोपली.

तर सिनेमा येऊन गेल्यावर, वर्ष बदललं त्या आठवड्यात, रेफ्ना तिच्या दारात उभी राहिली. हातात केक, आलुबुखाराच्या मुरंब्याचे थर दिलेला. रान्वेगला आधी वाटलं, चुकून आली.

"आत ये म्हणणार आहेस की नाही?" रेफ्ना म्हणाली.

"ये की. कुणी अडवलंय!"

रेफ्ना बसली. कॉफी झाली. केक कापला. दोघी केककडेच बघत होत्या.

"चांगला झालाय सिनेमा," रेफ्ना म्हणाली.

"कुत्रा चांगला आहे."

"रान्वेग, मला गोल गोल बोलता येत नाही. यंदाची थोरीची जेवणावळ माझ्याकडे आहे. ब्रिन्यार येणार आहे पाहुणा म्हणून. तू उठून दोन शब्द बोल. म्हण, सिनेमात दाखवलंय तसंच झालं होतं. गोष्टीत मी जरा तिखटमीठ लावलं होतं. बास, एवढंच."

"आणि मग?"

"मग आमच्या टेबलावर बस. तुझी काठवट आमच्या काठवटीशेजारी. आणि सोंगांचं... ते गुपित असतं, तुला माहीत आहे. पण यंदा तुला कुणी विसरायचं नाही."

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. पण आवळा फार गोड होता हो. रान्वेगच्या घरात नवरा गेल्यापासून दुसरा कप बाहेर निघाला नव्हता, आणि तो आज रेफ्नाच्या हातात होता.

"रेफ्ना," ती हळूच म्हणाली, "तू होतीस तिथं. माझ्याच पांघरुणात होतीस."

रेफ्नानं तिच्याकडे टक लावून पाहिलं, अगदी निरखून, भुवया कुठं जातात आणि ओठ कुठं जातात हे पाठ करावं तसं. मग म्हणाली, "अजून एक तुकडा घे."

त्यानंतरचे दिवस रान्वेगचे वाईट गेले. सकाळी ठरवायची, बोलून टाकू. कुणाचं काय जातंय? गीस्लीला जाऊन जन्म लोटला, दाग्नीही गेली. एका खोट्या वाक्यानं शेवटची वर्षं चार माणसांत निघतील. ती केटलीसमोर उभी राहून म्हणून बघायची, "सिनेमात दाखवलंय तसंच झालं होतं." केटली शिट्टी मारायची. संध्याकाळी ठरवायची, गेलं खड्ड्यात गाव.

एकदा तर तिनं बसून नवा शेवटही लिहून बघितला. बाईनं दार उघडलं. गीस्ली आत आला, बुटांवरचं बर्फ झटकलं. बाई म्हणाली, बस. तो बसेना. रान्वेगनं त्याला बाकावर बसवलं, तर पुढच्या ओळीत तो पुन्हा दाराशी जाऊन उभा. सूप दिलं, तर म्हणाला, हे कुणाचं आहे? तिनं कागद चुलीत घातला आणि केकचा उरलेला तुकडा उभ्यानंच खाऊन टाकला. केक संपला होता आणि निर्णय झाला नव्हता.

थोरीच्या संध्याकाळी तिनं काठवट भरली. भाजलेलं मेंढीचं मुंडकं, ताकात मुरवलेली लिव्हरची वळकटी, धुरी दिलेलं मटण, काळी भाकरी, आणि बरणीत घट्ट झाकण लावून शार्क, कारण मुरलेल्या शार्कचा वास झाकणाशिवाय माणसाच्या आधी हॉलमध्ये पोचतो. हॉलमध्ये शिरल्यावर पाय सवयीनं कोपऱ्यातल्या जागेकडे वळले. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराजवळची ती जागा तिचीच होती. ते दार बाहेरून उघडत नाही. विड्या ओढायला बाहेर गेलेले लोक परतताना थाप मारायचे आणि ती उठून उघडायची. इतक्या वर्षांत गावाचं तिच्याशी सरळ बोलणं म्हणजे तेवढं एक "थँक यू".

"अगं तिकडे कुठं? इकडे!" रेफ्नानं हाक मारली. रान्वेगची काठवट तिच्या काठवटीला चिकटून बसली. पलीकडे ब्रिन्यार, पायात शहरातले पातळ बूट.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"शार्क. श्वास रोखायचा आणि चावायचं."

त्यानं उलट केलं. डोळ्यांत पाणी आलं. पेलाभर कडक दारू पोटात गेल्यावर त्याला वाचा फुटली. "रान्वेग, तुला शेवट आवडला नाही, मला माहीत आहे. पण लोकांना आशा हवी असते गं."

"मग त्यांनी लॉटरीचं तिकीट घ्यावं."

"हा हा! हे मी कुठंतरी वापरणार!"

"वापर. तू वापरलंस की ते उलटंच होईल, म्हणजे माझ्यावर आळ नको."

रेफ्नानं पेल्यावर चमचा वाजवला. हॉल गप्प झाला. रान्वेग उठली. वाक्य तयार होतं, केटलीला तोंडपाठ होतं.

"ब्रिन्यारनं मेहनत घेतली आहे," ती म्हणाली. "कुत्रा तर फारच छान."

हशा झाला. हसणारी ती सगळी तोंडं तिच्याकडे वळलेली होती, आणि तिला ती फार हवी होती. हे नुसतं म्हणायला म्हणत नाही. तिनं रेफ्नाकडे पाहिलं. रेफ्ना आपल्या ताटाकडे बघत होती. आणि रान्वेगला एकदम त्या पांघरुणातले रेफ्नाचे पाय आठवले, गार पडलेले आणि तिच्या पोटऱ्यांना चिकटलेले.

"रेफ्ना म्हणते, मी गोष्टीत तिखटमीठ लावलं असं सांग. पण मी लावलं नाही, उलट काढलंय. खरं होतं ते मला लिहवलं नाही. गीस्ली नुसत्या थापा मारत नव्हता. तो नावानं हाक मारत होता. दाग्नी, दाग्नी म्हणून. वारा नाव घेत नाही. दार उघडलं नव्हतं. वाईट वाटून घेऊ नका. जेवा."

कुणी जेवलं नाही. रान्वेगनं आपली काठवट उचलली, टेबलांमधून चालत गेली आणि मागच्या दाराजवळ आपल्या जागेवर जाऊन बसली. झालं, ती स्वतःशी म्हणाली, आता पुढची तीस वर्षं, आणि तेवढं जगायचं कुणाला आहे. दिवे गेले आणि पडदा सरकला.

रंगमंचावर केटिल आला. डोक्यावर रबरी टोपी, अंगात बायकांचा पोहण्याचा पोशाख, त्यातून सगळीकडून बाहेर आलेला केटिल, आणि गळ्यात तिकिटांच्या गुंडाळीची माळ.

"साबण लावलास का?" तो किंचाळला. "काखेत? परत जा! माझ्या पाण्यात मेंढीचा वास नको!"

हॉल हसून कोसळला. रान्वेगलाही हसू आलं, आणि अर्धं हसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की ही कोण आहे. ती सर्द झाली. तेवढ्यात केटिलनं एक भलंमोठं बूच उपटलं आणि पाद्रीबाईचं सोंग घेतलेला एक जण जमिनीवर उताणा हात मारत पुढं सरकू लागला. इतक्या वर्षांचं जुनं सोंग, बाकी ठेवलेलं, आज चुकतं केलं! खरी पाद्रीबाई हसून हसून टेबलाखाली गेली.

मग केटिल केकसमोर बसला. केक बघायचा, भुवया वर. गोष्टीचा कागद बघायचा, ओठ खाली. वर, खाली, वर, खाली. हुबेहूब! "कुत्रा चांगला आहे," तो म्हणाला आणि केक अख्खा तोंडात कोंबला. लगेच दोन पोरं कातडं पांघरून कुत्रा होऊन आली. "हा कुठून आला?" "कुणास ठाऊक, गोष्टीत नव्हता." एक जण कॅमेरा घेऊन फिरून गेला. शूटिंगसाठी कुणाची मेंढरं कशी धुतली, तेही आलं. सोंगात कुत्रा होता, कॅमेरा होता, आणि सिनेमा आपोआप झाला होता.

रान्वेगनं अंधारात ब्रिन्यारकडे पाहिलं. तो मनापासून टाळ्या वाजवत होता.

शेवटी मंचावर एक दार आलं. दोन दाढीवाले खलाशी फ्रॉक घालून एका पांघरुणात शिरले. आणि आली रेफ्ना. अंगावर दाग्नीचा निळा ॲप्रन, तोच, खिशाला ठिगळ लावलेला. तिनं कडीवर हात ठेवला. बाहेर थाप पडली.

"कोण आहे?" दाढीवाल्या मुलींनी विचारलं.

"कुणी नाही," रेफ्ना म्हणाली. "वारा आहे."

पुन्हा थाप. करवसुलीवाला. "वारा आहे!" पुन्हा थाप. मत मागायला आलेला पुढारी. आता अख्खा हॉल ओरडला, "वारा आहे!" सासू. "वारा आहे!" बाकं थरथरली. मग एकदा अगदी हळू थाप पडली, आणि बाहेरून कुणीतरी हाक मारली, "दाग्नी." हे रान्वेगच्या भाषणानंतर घाईघाईनं घातलेलं असणार. कुणी ओरडलं नाही. रेफ्ना कडीवर हात ठेवून नुसती उभी राहिली. पडदा पडला.

दिवे लागले तेव्हा रेफ्ना ॲप्रनसकट आपली काठवट घेऊन मागच्या दाराजवळ आली आणि रान्वेगशेजारी धप्पकन बसली.

"सरक जरा."

"रेफ्ना, हे तुम्ही कधी..."

"दोन सोंगं बसवली होती. एकात तू होतीस, एकात नव्हतीस. तू उठून सिनेमाला 'हो' म्हणाली असतीस ना, तर दुसरं झालं असतं. कायमचं."

"आणि केक?"

"तुझा चेहरा बघायचा होता. केटिलला भुवया जमत नव्हत्या."

रान्वेगनं तिला कोपरानं ढोसलं. रेफ्नानं मुंडक्याचा गाल कापून तिच्या ताटात ठेवला. लहानपणी गाल नेहमी रान्वेगचा आणि जीभ रेफ्नाची असे.

"आई शेवटी-शेवटी म्हणायची, कुणीतरी मला नावानं हाक मारतंय, दार उघड गं," रेफ्ना म्हणाली. "मी उठून उघडायचे. कुणी नसायचं. मी म्हणायचे, बघ, वारा आहे. तुझ्यावर रागावले ते खोटं लिहिलंस म्हणून नव्हे गं. खरं लिहिलंस, आणि मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर लिहू दिलं नसतंस."

"नसतंच दिलं." तिनं ॲप्रननं नाक पुसलं. "पण त्या टवळीनं सिनेमात दार उघडलं ना, तेव्हा मला आईचा इतका राग आला! एवढं सोपं होतं तर उघडलं का नाहीस? असली हिरवी आभाळं दाखवून त्यानं माझ्या आईला अजूनच वाईट करून ठेवलं. तुझ्या गोष्टीत ती निदान घाबरलेली होती."

तेवढ्यात ब्रिन्यार आला, गाल लाल, बोटांत सिगारेट. "काय कार्यक्रम! आणि बघितलंत ना? सगळ्यांची टर उडवली, पाद्रीबाईचीसुद्धा, आणि माझ्यावर एक विनोद नाही! एकसुद्धा नाही! किती मान देतात तुमच्याकडे पाहुण्याला."

दोघी मैत्रिणींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर संपलंच.

"हो," रान्वेग म्हणाली. "फार मान देतात. मला तीस वर्षं देत होते."

"आलोच," म्हणून तो मागच्या दारानं बाहेर गेला. कोट खुर्चीवरच राहिला. बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. दार त्याच्यामागं खटकन मिटलं.

अकॉर्डियन सुरू झाला, खराखुरा, जरा बेसूर. केटिल रबरी टोपीसकट नाचत होता. थोड्या वेळानं मागच्या दारावर थाप पडली. जवळच्या टेबलावरचे एका सुरात ओरडले, "वारा आहे!" आणि हसत सुटले. पुन्हा थाप. आता पलीकडची टेबलंही, "कुणी नाही, वारा आहे!" कुणीतरी बाहेरून ओरडतही होतं, "अरे मी आहे! ब्रिन्यार! ब्रिन्यार!" त्यावर तर सगळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. रेफ्नाला हसता हसता ठसका लागला.

मग थापा जरा विरळ झाल्या.

रान्वेगचं हसणं तिथंच थांबलं. तिनं रेफ्नाकडे पाहिलं, आणि रेफ्नाही थांबली होती. तिचा हात टेबलाखालून येऊन रान्वेगच्या मनगटावर घट्ट बसला, आणि तो गार होता. रान्वेग उठली. रेफ्नाही उठली. दोघींनी मिळून कडी काढली.

ब्रिन्यार आत आला, भुवयांवर बर्फ, पातळ बूट ओले, ओठ निळे. पोरगं खरंच घाबरलं होतं. रान्वेगनं त्याच्या अंगावर आपली शाल टाकली आणि रेफ्नानं हातात गरम मटण-सुपाची वाटी दिली. वाटी त्याच्या दातांवर वाजत होती.

"ऐकू नाही आलं का कुणाला?" तो म्हणाला. "मी केवढ्यानं ओरडत होतो!"

"आलं की," रान्वेग म्हणाली. "सगळ्यांना आलं."

त्यानं हसण्यासाठी तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्या दाराकडे, मग अजून नाचणाऱ्या हॉलकडे. आशेबद्दल तो काही बोलला नाही. सूप मात्र त्यानं प्यायलं, भिंतीला टेकून, दाराकडे पाठ न करता.

रेफ्ना रान्वेगच्या कानाशी वाकली. "काय गं, पुढच्या थोरीत याला सोंगात घ्यायचा का?"

रान्वेगनं त्याला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, अंघोळ नीट झाली की नाही ते बघायची तशी.

"घेऊ," ती म्हणाली. "आता त्याला गोष्ट माहीत आहे."